सर्व्हिस रोडवरची केसरबाई

सव्वीस जानेवारीला सकाळी केसरबाई दूध आणायला निघाली, तेव्हा पुनावळ्याच्या सर्व्हिस रोडवरचं एक झाकण जागेवर नव्हतं. कुठल्याशा इंटरनेट कंपनीनं केबलसाठी तिथं चेंबर बांधलं होतं, माणूस उभा मावेल एवढं खोल. केसरबाईनं वाकून पाहिलं, तेवढ्यात एक स्कूटर तिच्या पदराला घासून गेली. चालवणारी बाई पुढं जाऊन थांबली, खड्डा बघून पांढरीफटक पडली, आणि गेली.

केसरबाई तिथंच उभी राहिली.

ती मूळची उदगीरची. मुलगा गणराज चाकणला एका कारखान्यात होता, त्याच्याकडं ती राहायला आली होती. गणराज सोसायटीच्या कमिटीवरही होता. त्या दिवशी झेंडावंदनानंतर 'नागरिकांची कर्तव्ये' या विषयावर त्याचं भाषण झालं. पहिल्या रांगेतली आईची खुर्ची रिकामीच राहिली, म्हणून भाषण संपवून तो इस्त्रीच्या कुर्त्यात तिला शोधत आला.

"आई, काय करायलीस इथं?"

"उभारलेय."

"अगं, हे आपलं काम नाही. कंपनीचं आहे."

"मग बोलव कंपनीला."

गणराजनं तिथल्या तिथं फोनवरून तक्रार टाकली. थोड्या वेळानं मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.' त्यानं तो मोठ्यानं वाचून दाखवला. केसरबाईनं खड्ड्यात पाहिलं.

"आत उतरून केलं असंल," ती म्हणाली.

गणराजनं बाभळीची फांदी आणून खड्ड्यात खोचली. पहिल्याच टेम्पोनं ती नेली. केसरबाई हात आडवा करून पुन्हा उभी राहिली. गणराज जरा घुटमळला, पण सोसायटीत नाष्टा वाटायचा होता, म्हणून गेला.

लोकांना ती कुणीतरी अधिकारी वाटू लागली. एकानं हिंजवडीचा रस्ता विचारला, एकीनं पाण्याची वेळ विचारली. केसरबाईनं माहीत होतं तेवढं सांगितलं.

ऊन चढल्यावर समोरच्या घरातले आबाजी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आले. रस्ता होण्याआधी तिथं त्यांचं ज्वारीचं रान होतं.

"बसा. मघापासनं गच्चीवरनं बघतोय. देशसेवा चाललीय व्हय?"

"कसली देशसेवा, आबाजी. मला खड्डा दिसला. आता दिसलाच नाही असं म्हणून घरी कशी जाऊ?"

आबाजी आणखी एक खुर्ची आणायला गेले.

दुपारी कंपनीचा सुपरवायझर समर्थ मोटरसायकलवर आला. निवारण झाल्याचा फोटो तक्रारीला जोडायचा राहिला होता.

"आजी, बाजूला व्हा. फोटो घ्यायचाय."

"कशाचा?"

"झाकणाचा."

दोघांनी खाली पाहिलं.

"पलीकडच्या झाकणाचा घेतो," समर्थ म्हणाला.

"घे. पण आधी जरा इथं उभा राहा. मी पाणी पिऊन येते."

समर्थ उभा राहिला. केसरबाई घरी गेली, पाणी प्याली, जेवली, आणि पाय फार दुखत होते म्हणून आडवी झाली. इकडं समर्थच्या अंगावर पाण्याचा टँकर आला, मग ट्रिपल सीट पोरं आली. तो दोन्ही हात हलवून ओरडत राहिला. निघावं म्हणून त्यानं गाडीला किल्ली लावली, तर एक बाई लेकराला पुढं बसवून स्कूटरवर येताना दिसली. तो पळत परत आला. आबाजी खुर्चीत शेंगा सोलत होते.

"काका, तुम्ही थांबता का जरा?"

"मी जेवाय चाललोय," आबाजी म्हणाले आणि बसून राहिले.

शेवटी समर्थनं साहेबाला फोन लावला. "सर, सुट्टी आहे माहितीये. पण मला इथनं हलताच येईना."

"कुणी धरून ठेवलंय का?"

"नाही सर. कुणीच धरलेलं नाही."

सुट्टीच्या दिवशी गोडाऊन उघडलं गेलं. ऊन कलायच्या आत टेम्पोतून लोखंडी झाकण आलं. गणराज बघायला आला होता. कुणी न सांगता त्यानं बाह्या सारल्या आणि एक बाजू धरली. त्याचा कुर्ता कोपरापर्यंत काळा झाला.

केसरबाई आली, झाकणावर दोन्ही पाय ठेवून उभी राहिली. झाकण हललं नाही.

"जेवलास का?" तिनं समर्थला विचारलं.

"नाही."

"चल मग."

भाकरी खाता खाता समर्थनं विचारलं, "आजी, तुम्ही असं रोज उभ्या राहता का?"

"छे," केसरबाई त्याला वाढत म्हणाली. "रोज झाकण असतंय की."