खानावळीतली डोलकाठी

"यावर विश्वास ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, साहेब," सुतारआबा करवत पाठीमागे लपवत म्हणाले, "पण हा नौदलाचा अख्खा तळ मी तरंगताना पाहिलाय. बराकी, खानावळ, कोबीच्या वाफ्यासकट!"

नवे साहेब हसले. खानावळीच्या मधोमध उभी, छपरातून आरपार वर गेलेली डोलकाठी आजच कापायची, असा त्यांचा हुकूम होता. तिच्याभोवती छप्पर गळायचं. पण आबांनी उभं आयुष्य तिला तेल पाजलं होतं, लेकीसारखं जपलं होतं. करवत काही त्यांच्याने चालेना. उरली जीभ, ती चालवायला आबांनी कधी मागेपुढे पाहिलं नव्हतं.

हा तळ म्हणजे मूळचं लढाऊ जहाज, आबा सांगू लागले. तीन डोलकाठ्यांचं. त्यातल्या दोन लढाईत तोफांच्या तोंडी गेल्या, ही एक उरली. म्हातारपणी ते गाळात रुतलं, तर नौदलाने त्याच्यावरच ठाण मांडलं. वर बराकी चढल्या, भोवती मातीची भर पडली, फरश्या बसल्या. समुद्र भिंतीपलीकडे गेला. तरी फाटकाबाहेर पडणारा शिपाई आजही 'किनाऱ्यावर जातो' म्हणतो. आणि भरती आली की, जहाज पाण्याबरोबर वर उचललं जाताना अडकू नये म्हणून, भिंतीच्या कडीतला जाडजूड दोर कुणीतरी ढिला करतंच. थांबवा, असं कुणी सांगितलंच नाही.

"शुद्ध वेडेपणा," साहेब म्हणाले.

"वादळापर्यंत मीही हेच म्हणायचो! त्या दिवशी फरशीखालून कुणी कण्हल्यासारखा आवाज आला. ताटं घसरत एका भिंतीला जमली. खिडकीतून बघतो तर समोरचं झाड खाली चाललेलं. झाड कसलं, आपणच वर! ही डोलकाठी नुसती घुमत होती. सगळी लढाई आठवत असल्यासारखी. दोर ताणून सुतळीएवढा. आणखी क्षणभर, की आडवेच झालो असतो. मग मी जिवावर उदार झालो. छातीभर पाण्यात उतरलो, आणि..."

साहेबांनी नकळत डोलकाठीवर तळवा टेकला. बाहेर भरती लागली होती. लाकूड आतून बारीक थरथरत होतं. साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली.

"दोर..." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "आज केलाय ना कुणी ढिला?"

"केलाय की!" स्वयंपाकघराच्या दारातून आबांची बायको, तिथली जुनी स्वयंपाकीण, पळी नाचवत बाहेर आली. "रोज मीच करते. त्या दिवशीही मीच केला. हे कसले पाण्यात उतरतात! धादांत खोटं! पिठाच्या कोठीत डोळे मिटून बसले होते!"