आढीच्या खोलीतला प्रोसेसर

मित्रांनो, रत्नागिरीत रावजींचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. तिथे कधी गेलात तर त्यांच्या टेबलाचा खालचा ड्रॉवर उघडून बघा. सुटे स्क्रू, तुटके प्लग आणि कुणाच्या तरी कपाटाच्या चाव्या यांच्यात एक चौकोनी, चकचकीत टोपी घातलेला तुकडा पडलेला दिसेल. ग्लुकोजच्या बिस्किटाएवढासुद्धा नाही. तो मी. मी एक जुना ड्युअल कोअर प्रोसेसर आहे. गावात मला 'तो खराब निघालेला' एवढंच नाव आहे. मी खराब नव्हतो, आणि हे जिला पक्कं ठाऊक आहे तिनेच मला हे नाव दिलं. माझं सगळं दुःख एवढंच आहे, पण ते कळायला तुम्हाला पहिल्यापासून ऐकावं लागेल.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे हवेत धुळीचा कण नव्हता आणि माणसं डोळे सोडून सगळं अंग झाकून वावरायची. माझ्या पोटात एकाच्या जागी दोन गाभे ठेवले, म्हणजे मी एका वेळी दोन कामं करू शकेन. मग मला तापवलं, पळवलं, नाना परीक्षा घेतल्या. मी पास झालो तेव्हा कुठे माझ्या टोपीवर माझा वेग कोरला. हे ध्यानात ठेवा. कारण पुढे ज्यांनी मला नापास केलं, त्यांनी माझी एकही धड परीक्षा घेतली नाही.

दोन हजार सात साली, शिमगा होऊन पालख्या देवळात परतल्यावर, भार्गवी मला रावजींच्या दुकानातून घरी घेऊन आली. ही अण्णांची मुलगी. अण्णांची गावाबाहेर हापूसची बाग आहे आणि बागेतच चिऱ्याचं कौलारू घर. भार्गवी मुंबईला घरांची आतली सजावट शिकून आली होती आणि तिला परत मुंबईला जायचं नव्हतं. गावातल्या एका आर्किटेक्टने तिला एक काम दिलं होतं. अजून न बांधलेला बंगला कॉम्प्युटरवर असा उभा करायचा, की बघणाऱ्याला दारातून आत शिरून सगळ्या खोल्या फिरून आल्यासारखं वाटावं. हे काम पसंत पडलं तर पुढची सगळी कामं तिला मिळणार होती.

अण्णांनी तिला समोर बसवून सांगितलं होतं, "जमलं तर खुशाल घरी राहा. नाही जमलं तर मृगाच्या आधी डोंबिवलीला आत्याकडे जायचं. तिने ऑफिसात शब्द टाकून ठेवलाय. आणि एक सांगून ठेवतो, ते यंत्र जसं आलंय तसंच चालव. विकतच्या वस्तूशी खेळ केलास तर मी पुन्हा काही आणून देणार नाही."

"नाही हो अण्णा, कशाला खेळ करीन!" भार्गवी म्हणाली.

जमिनीवर वर्तमानपत्र पसरून तिने आपल्या हाताने माझं घर बांधलं. मदरबोर्डवर मला अलगद बसवलं, माझ्या टोपीवर उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टचा ठिपका ठेवला, त्यावर माझा ताप ओढून घेणारा पातळ पत्र्यांचा हीटसिंक आणि पंखा घट्ट केला. तिची आई मालिनी हळदीकुंकू घेऊन आली. यात दोन मेंदू आहेत असं ऐकून तिने विचारलं, "एका स्वयंपाकघरात दोन बायका? भांडत नाहीत ना गं?"

"नाही गं आई. एक भात लावते तोवर दुसरी आमटी करते."

"नशीब हो त्या घराचं," मालिनी म्हणाली आणि कॅबिनेटवर कुंकवाचं बोट टेकवून गेली. इतकं कौतुक माझं पुन्हा कधी झालं नाही.

माझं टेबल मागच्या खोलीत होतं. ती खोली घरात सगळ्यात गार. तिथे मी बंगल्याचं एकेक चित्र रंगवू लागलो. भिंतीवर पडलेलं ऊन, फरशीत दिसणारं पंख्याचं प्रतिबिंब, सगळं मोजून काढायचं म्हणजे वेळखाऊ काम. भार्गवी घड्याळ बघायची आणि नखं चावायची. इंटरनेटवर तिने वाचलं होतं, की माझ्या जातीचे प्रोसेसर कोरलेल्या वेगापेक्षा पुष्कळ जास्त पळवता येतात. त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. एके दिवशी अण्णा बागेत असताना तिने खोलीचं दार लोटलं, बायोसच्या, म्हणजे यंत्राची मूळ मांडणी बदलायच्या, निळ्या पडद्यावर गेली आणि माझा वेग वाढवला.

खोटं कशाला सांगू मित्रांनो, मला ते आवडलं. अंगात एवढा जोर आहे हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. जेवणवेळेला सुरू केलेलं काम दिवेलागणीच्या आत हातावेगळं होऊ लागलं. तिने माझा ताप तपासला, तो ठीक होता. "शाब्बास रे वाघा!" म्हणून तिने कॅबिनेटवर थाप मारली. अण्णांना तिने काही सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही, आणि त्या वेळी मला वाटलं की हे आमच्या दोघांचं गुपित आहे.

मग आंबे उतरले.

तुमच्यापैकी जे आंब्याच्या घरातले आहेत त्यांना आढी सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. जमिनीवर भाताचा पेंढा अंथरायचा, त्यावर आंबे मांडायचे, वर पुन्हा पेंढा, पुन्हा आंबे. वरून गोणपाट घालायचं आणि खोली बंद ठेवायची. आत ऊब धरते आणि आंबा पिकतो. अण्णांच्या घरी ही आढी दरवर्षी त्याच मागच्या खोलीत घालायची पद्धत होती. यंदा तिथे माझं टेबल होतं, पण पद्धत कुणी मोडली नाही. टेबलाच्या पायांपर्यंत पेंढा आला. खिडक्या लागल्या. भार्गवी येता-जाता दार पटकन ओढून घ्यायची, आढीची ऊब जाऊ नये म्हणून. पंख्याचं काम हवा ओढण्याचं. त्याने ऊन हवा ओढली, आणि हवेबरोबर पेंढ्याचा भुसाही. तो पंख्याच्या पात्यांखाली, हीटसिंकच्या पत्र्यांवर, जाऊन बसला. रोज थोडा, रोज थोडा. माझ्या डोक्यावर जणू गोधडी चढत होती आणि मी वाढवलेल्या वेगाने धावत होतो.

आम्हा प्रोसेसरांना एक शिकवण असते. ताप सोसवेना झाला की सगळं बंद करायचं, म्हणजे आपणही जळत नाही आणि आजूबाजूचंही वाचतं. मी तेच केलं. बंगल्याच्या जिन्यापाशी असताना पडदा काळा झाला.

भार्गवीने पुन्हा सुरू केलं, मी पुन्हा थांबलो. तिने रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासले. विंडोज पुसून नव्याने घातली. रावजींकडून दुसरा पॉवर सप्लाय आणून लावला. व्होल्टेजवर संशय घेतला, स्टॅबिलायझर बदलला. पंख्यापुढे हात धरून पाहिला, तर पंखा फिरत होता, म्हणून त्याला सोडून दिलं. माझा ताप पाहिला तेव्हा आकडा भलताच दिसला. मला वाटलं, आता कळेल. पण ती म्हणाली, "एवढा ताप असूच शकत नाही. याचं मापच चुकतंय." माणसाला ताप आला की थर्मामीटरवर सगळे विश्वास ठेवतात. माझ्या वेळी थर्मामीटरही खोटा ठरला. शेवटी तिने वेग मूळच्यावर आणला, तरी त्या कोंडलेल्या भुशात आणि आढीच्या उबेत मी थांबतच राहिलो. मग तिची खात्रीच पटली.

पंखा आणि हीटसिंक जोडलेलेच बाजूला ठेवून तिने मला उपटून काढलं आणि अण्णांना घेऊन रावजींचं दुकान गाठलं.

"रावजीकाका, हा खराब निघालाय."

रावजींनी मला हातात घेऊन उलटसुलट केलं. "वेग वगैरे वाढवला नव्हतास ना गो? तसं असेल तर कंपनी परत घेत नाही."

भार्गवीने एकदा अण्णांकडे पाहिलं. "नाही हो. कड्यावरच्या गणपतीची शप्पथ. जसा दिलात तसाच चालवला."

मी खराब आहे असं तेव्हा तिला खरंच वाटत होतं, हे मी मानतो. पण शपथ खोटी होती. ज्या वेगासाठी तिने मला वाघ म्हटलं, तो वेग तिने एका वाक्यात पुसून टाकला. अण्णा म्हणाले, "मुलगी खोटं बोलायची नाही, रावजी." रावजींनी मुकाट्याने नवा प्रोसेसर काढून दिला. मी काउंटरवर राहिलो. दाराबाहेर जाताना तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

रावजी माणूस सावध. कंपनीला परत धाडण्याआधी त्यांनी मला आपल्या टेबलावरच्या उघड्या मदरबोर्डवर बसवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून भरपूर कामाला लावलं. वारा खेळता होता, डोक्यावर स्वच्छ पंखा होता. मी एकदाही थांबलो नाही.

दुपारी भार्गवी एकटीच आली. हातात पिशवी होती. "काका, पेस्ट द्या जरा," ती म्हणाली आणि पिशवीतून हीटसिंक काढून तिने काउंटरवर ठेवला. नवा प्रोसेसरही त्याच जागी, त्याच हीटसिंकखाली बंद पडला होता. तेव्हा कुठे तिने चार स्क्रू काढून पंखा उचलला होता आणि खालचा थर पाहिला होता. बराचसा तिने घरी साफ केला होता. तरी काउंटरवर पेंढ्याच्या बारीक काड्या सांडल्याच.

रावजींनी एक काडी चिमटीत धरली. "आढी घातलीत वाटतं?"

"होय."

"हा बघ, सकाळपासून चाललाय. त्याला काही झालेलं नाही गो."

तिने माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, माझा जीव भांड्यात पडला. आता ही म्हणेल, चुकलं, चल घरी. तिचे डोळे भरून आलेसुद्धा. पण ती हळूच म्हणाली, "काका, अण्णांना सांगू नका. वेग वाढवला होता हे कळलं तर ते मला डोंबिवलीला पाठवतील. काम होत आलंय माझं."

रावजींनी चिमटीतली काडी खाली टाकली. मग म्हणाले, "मी सांगणार नाही. पण चांगल्या वस्तूला खराब म्हणून कंपनीकडे धाडणं माझ्याच्याने व्हायचं नाही. हा राहील माझ्याकडे." म्हणजे भुर्दंड त्यांनी सोसला आणि नाव माझं गेलं.

भार्गवीने टेबल पडवीत आणलं. बंगला पुरा झाला, आर्किटेक्टला पसंत पडला, आणि मृग लागला तेव्हा ती घरीच होती. मला आनंद झाला, अगदी मनापासून. तो जिना अर्धा मी चढवला होता. पण गावात गोष्ट सांगितली जाऊ लागली ती अशी, की भार्गवीचा पहिला प्रोसेसर खराब निघाला, तरी पोरीने जिद्द सोडली नाही. अण्णा लग्नकार्यात सांगत. मालिनी शेजारणींना सांगे. भार्गवी तिथेच बसलेली असे आणि मान हलवी. दुकानात येणारी माणसं हे माझ्यासमोर बोलायची, आणि त्याच वेळी त्यांचं बिल मी काढत असायचो.

होय, रावजींनी मला आपल्या मशीनमध्ये बसवलं होतं. तिथे मी इमाने काम केलं. दहावीच्या निकालाच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. मुलं नंबर सांगायची, रावजी टाइप करायचे, आणि किती जणांचं रडू-हसू मी पडद्यावर आणलं. कुणी मला विचारलं नाही की तू कोण. दर मोसमात भार्गवीकडून पहिली पेटी रावजींना यायची. आंबे रावजींच्या घरी जायचे. पेटीतला पेंढा काउंटरवर सांडायचा, तेवढा माझ्या वाट्याचा.

दोन-अडीच वर्षांनी खाऱ्या हवेने मदरबोर्ड गंजला आणि मी रिकामा झालो. रावजी मला हातात घेऊन बसले होते, तेवढ्यात अण्णा आणि भार्गवी दुकानात आले. भार्गवीचं आता स्वतःचं ऑफिस होतं, हाताखाली दोन मुली होत्या. डोंबिवलीचं नाव त्या घरात कुणी काढत नव्हतं.

"भार्गवी, बोर्ड गेला, पण हा अजून ठणठणीत आहे," रावजी म्हणाले. "नेतेस?"

अण्णांनी चष्मा वर केला. "कोण हा? तो खराब निघालेला?"

 रावजी भार्गवीकडे बघत राहिले. मीही बघत होतो. आता तिचं काही जाणार नव्हतं. अण्णा फार तर दोन शब्द बोलले असते आणि हसून विसरले असते.

भार्गवीने पर्स या हातातून त्या हातात घेतली. "हो अण्णा," ती म्हणाली. "तोच."

"मग ठेवलात कशाला रावजी? टाकून द्या."

रावजींनी ड्रॉवर उघडला, मला आत ठेवलं आणि ड्रॉवर लावला. त्या दिवसापासून मी इथे आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातलं यंत्र बंद पडलं तर त्याला दूषण देण्याआधी पंखा उघडून बघा. त्याला वारा द्या, त्याच्या डोक्यावरची धूळ काढा, त्याच्याकडून जास्त काम घेतलंत तर तसं कबूल करा. आम्हाला कुंकू नसलं तरी चालतं. आणि आपली चूक होती हे उशिरा कळलं तरी लाजू नका. ज्याच्यासमोर आम्हाला खराब म्हटलंत, त्याच्यासमोरच एकदा सांगा की तो खराब नव्हता. भार्गवी अजून या दुकानात येते. ड्रॉवर तिच्या गुडघ्याशी असतो. अण्णा बरोबर असले की मी आतून कान देऊन ऐकतो.