रिकाम्या प्लॉटचा शेजार

अंबड रस्त्याला आमची कॉलनी नवीन झाली तेव्हा तिथे घरांपेक्षा मोकळे प्लॉटच जास्त होते, आणि दुपारी इतकं शांत असायचं की पलीकडच्या गल्लीत टँकर आला तरी हौदात पडणाऱ्या पाण्याचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा. आम्ही सत्त्याण्णव साली तिथे राहायला गेलो. माझे यजमान देवानंद बियाण्यांच्या कंपनीत होते. घराचा रंग वाळतो न वाळतो तोच एका सकाळी दाढी करता करता ते खाली बसले, आणि उठवलं तेव्हा उजवं अंग आणि वाचा दोन्ही गेलेली होती. औरंगाबादच्या डॉक्टरांनी हातापायांची थोडी आशा दाखवली, बोलण्याची नाही.

आमच्या घराशेजारी एक रिकामा प्लॉट होता, कोपऱ्यात बाभळ, आणि त्याच्या पलीकडे ताहेराआपांचं घर. सकाळी यांना आंघोळ घालून, इस्त्रीचा शर्ट चढवून मी ओट्यावर खुर्चीत बसवायची. हे त्या मोकळ्या जागेकडे बघत बसायचे आणि मी आत भाकरी थापताना त्यांच्या शांततेकडे कान लावून असायची.

एकदा मेथी निवडताना मान वर केली तर हे हसत होते. मला वाटलं, काही आठवलं असेल. मग ओठ हलायला लागले. दिवाळीनंतर एका सकाळी मी आतून स्पष्ट ऐकलं, "बसा ना."

पिठाच्या हातानेच धावत बाहेर आले. ओट्यावर कुणीच नव्हतं. मी त्यांचे पाय धरून रडले, आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू चार माणसांत मी मध्येच येऊन बोलले होते.

त्यानंतर शब्द येत गेले. माझ्याशी एखाददुसरा, पण प्लॉटकडे तोंड करून अख्खी वाक्यं. "व्हय, राजूरला गेल्तो आम्ही. लई गर्दी होती." मग ते थांबायचे, समोरच्याचं बोलणं होईपर्यंत थांबावं तेवढेच, आणि मग खळखळून हसायचे. त्या थांबण्यात माझाही हात आपोआप थांबायचा, पण मला कधी काही ऐकू आलं नाही.

शेवटी ताहेराआपांना विचारलं.

"मी रोज तिथंच धुणं वाळत घालते, भाभी. बिलकुल खाली हाय तो प्लॉट," त्या म्हणाल्या, आणि जराशाने हळूच म्हणाल्या, "पर भाईजान बोलून राह्यले ना? मंग बोलू द्या."

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं धुणं घराच्या मागच्या बाजूला वाळायला लागलं.

हे चालायला लागले तेही तिथेच. काठी न घेता, उजवा कोपर जरासा वर धरून, प्लॉटच्या या टोकापासून बाभळीपर्यंत. परत आले की शर्ट काढताना मला दिसायचं, त्या एकाच बाहीची इस्त्री कोपराशी चुरगळलेली असायची, कुणीतरी घट्ट धरून ठेवल्यासारखी.

"कोण असतं हो तिकडं?" मी एकदा धीर करून विचारलं.

"शेजारी," ते म्हणाले.

मग एक दिवस वडीगोद्रीचे पुंजाराम नावाचे गृहस्थ आले. प्लॉट त्यांचा होता. पोरांच्या शाळेसाठी जल्दी घर बांधायचंय म्हणाले आणि संध्याकाळपर्यंत पायाच्या खुणांचा चुना पडलाही. ज्या जागेची मला इतके महिने भीती वाटत होती ती हातची जाणार म्हटल्यावर मी चार वेळा ओट्यावर जाऊन ती बघून आले. जेवताना मी विचारलं, "आता कसं करायचं?"

"मी बोललो शेजाऱ्याशी," हे म्हणाले. "म्हणला, तुमची हरकत नसंल तर तुमच्याकडंच येतो." मग माझ्याकडे बघून, पूर्वी विचारायचे तसं, "तुझी हरकत न्हाई ना?"

त्यांचा उजवा हात आपला आपण भाकरी मोडत होता.

"न्हाई," मी म्हणाले.

बाभळ पडली, पाया भरला, भिंती आल्या. पुढच्या वर्षीच्या पौषात हे पुन्हा ऑफिसला जायला लागले. पहिल्या दिवशी साहेबांनी रडत मिठी मारली म्हणे. त्याच आठवड्यात त्यांनी बाहेरच्या खोलीत एक बाज आणून टाकली. थंडी फार होती, म्हणून संध्याकाळी मीच तिच्यावर सोलापुरी चादर टाकून आले.

सकाळी सडा घालायला निघाले तर चादर पायथ्याशी नीट घडी करून ठेवलेली होती, आमच्या घरात कुणी घालत नाही तशी, आधी लांब दुमडून मग गुंडाळलेली. हे अजून आत झोपलेले होते. आवरून ठेवावी म्हणून मी ती उचलली. तेवढ्या गारठ्यात ती उबदार होती, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी. मी ती तशीच छातीशी धरून उभी राहिले, आणि घाबरायचं राहूनच गेलं.