दवाखान्याच्या दारातला टांगा

मित्रांनो, मी नाशिकचा एक जुना टांगा आहे. माझी चाके बाभळीची, दिवे पितळेचे. आता वय झाले, पण मनातला राग काही शमत नाही.

भद्रकालीतल्या निसारने मला हौसेने बनवून घेतले. स्टेशनावरून पंचवटीला आम्ही यात्रेकरू न्यायचो. सिंहस्थात तर घोड्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. निसार घरी परतताना बायकोसाठी, सकीनासाठी, मोगऱ्याचा गजरा घ्यायचा. शुक्रवारी मटण शिजायचे. त्या कमाईत दोघे सुखात होती.

मग सकीनाला क्षय झाला. कमाई तेवढीच राहिली, सुख मात्र आटले. येईल ते सगळे डॉक्टरकडे जाऊ लागले. मटण बंद, गजरा बंद. आणि शेजारी म्हणत, "स्वतःचा टांगा आहे, त्याला काय कमी?" ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवटी निसार तिला धर्मादाय दवाखान्यात घेऊन निघाला. बायकोला न्यायचे म्हणून त्याने गादी झटकली, माझे दिवे घासून लख्ख केले. नेमके तेच नडले. कारकुनाने खिडकीतून मला पाहिले.

"टांग्यातून येतोस आणि गरिबांचं औषध मागतोस?"

"साहेब, टांगा पोटासाठी हाय. येतं ते हिच्या दुखण्यात जातं. घरात काय बी रहात नाय."

"कमावता आहेस ना? मग विकत घे."

मला तोंड असते, तर त्या कारकुनाला चांगले सुनावले असते!

पुढच्या खेपेला सकीनाच म्हणाली, "टांगा नको. तो दिसला की औषध मिळत नाय. मी चालते."

"ऊन लय हाय, सकीना."

"असू द्या."

चैत्राचे ऊन होते. मी घराच्या दारात रिकामा उभा राहिलो आणि ती निसारच्या आधाराने खोकत खोकत पायी गेली. त्या दिवशी कारकुनाने मुकाट्याने औषध दिले. परतताना मात्र तिला रक्ताची उलटी झाली. तिला एका दुकानाच्या ओट्यावर निजवून निसार मला न्यायला धावत आला. आम्ही पोहोचलो, तोवर ती गेली होती. औषधाची बाटली उघडलीसुद्धा नव्हती.

आजही कमाई तेवढीच आहे. दुखण्याचा खर्च नाही, म्हणून चार पैसे मागे पडतात. लोक म्हणतात, "निसारचं आता बरं चाललंय." बरं? लाज कशी वाटत नाही यांना!

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी त्या खिडकीत बसेल. तेव्हा समोर आलेल्या बाईकडे आधी बघा. दारातल्या टांग्याकडे मग बघा.