दुसऱ्या गिअरची राखण

चढ लागला की मामंजींच्या जुन्या ट्रकचा दुसरा गिअर आपोआप सुटायचा. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे सासूबाई. शेजारी बसून त्यांनी दोन्ही हातांनी गिअरचा दांडा दाबून धरायचा.

"यांनी माझा हात मागितला तो यासाठीच," त्या सुनेला म्हणायच्या.

सून गॅरेजवाल्याची लेक. आवाजावरूनच तिने ओळखलं होतं. "मामंजी, गिअर सरकवणारा आतला फोर्क झिजलाय. गिअरबॉक्सचं झाकण उघडू द्या."

"मी जिवंत असेपर्यंत त्याला पाना लागणार नाही!" मामंजींनी चारचौघांत ठणकावलं होतं.

मग सासूसुनेने संगनमत केलं. "भाऊजी तुमची फार आठवण काढतायत," सासूबाईंनी पुडी सोडून दिली. एरवी भावाचं नाव निघालं की आठ्या घालणारे मामंजी मुकाट्याने पिशवी भरून गेले.

त्यांची पाठ वळताच सुनेने झाकण उघडलं. फोर्कची टोकं झिजून पार पातळ झाली होती. तिने त्यांवर पितळेचा भराव दिला, कानशीने घासून माप जुळवलं. ट्रकखाली शिरून चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या सांध्यातला खिळखिळा झालेला क्रॉसही बदलला. सासूबाई टॉर्च धरून उभ्या. काम झालं, पण नवा क्रॉस नव्या नवरीसारखा चकाकत होता. सासूबाईंनी जुनं ग्रीस माखलं, वर मूठभर केर चोळला.

"जन्मभर धूळ पुसली. आज लावायचा योग आला!"

मामंजी परतले आणि दुसऱ्याच दिवशी तिघं ट्रकने निघाली. चढ आला.

"धर गं!"

सासूबाईंनी दातओठ खाऊन दांडा धरल्याचं असं काही सोंग वठवलं, की सुनेला खिडकीबाहेर तोंड करावं लागलं. तेवढ्यात माशी नाकावर बसली आणि सासूबाईंचे दोन्ही हात वर गेले. दांडा जागचा हलला नाही.

मामंजींनी ट्रक तसाच दुसऱ्या गिअरमध्ये वर चढवला. चढ संपल्यावर घसा खाकरून म्हणाले, "चारचौघांत बोलून बसलो होतो. शब्द मागे कसा घेणार?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?" सासूबाई उसळल्या.

"नाहीतर त्या बडबड्याकडे मुक्काम केला असता मी? कान किटले माझे!" मग सुनेकडे न बघताच त्यांनी आवाज खाली आणला. "क्लचही घसरतोय हल्ली. सांगशील तिथे जातो. फक्त भावाकडे धाडू नकोस."