मागे पाहणारा बैल

तान्ह्या पोळ्याला दोन दिवस उरले होते. बाबांनी घडवलेला लाकडी बैल पिशवीत घालून मी फुलचूरहून कामठ्याला निघाले. खेमराजकाकांकडून त्याची मान सरळ करून घ्यायची होती. पोरांच्या लाकडी बैलांच्या मिरवणुकीत माझ्या लेकीला, रिंकूला, यंदा बक्षीस मिळायलाच हवं होतं. मला एकदाही मिळालं नव्हतं ना!

बाबा म्हणजे बकाराम सुतार. मी सहा वर्षांची असताना त्यांनी हा बैल केला, मान डावीकडे पार मागे वळलेली. पोरी हसायच्या, "लकवा मारला का वो तुह्या बैलाले?" मी घरी येऊन आदळआपट करायची. बाबा एवढंच म्हणायचे, "घुमून पाय, बेटा." मी कशाला मागे वळून बघते! 'नाचता येईना अंगण वाकडं' असं मीच त्यांना ऐकवायची. जिभेला हाड नव्हतं.

बाबा जाऊन चार वर्षं झाली. आठवण फार येते. पण बैल कधी आवडला नाही, खोटं कशाला बोलू?

खेमराजकाका बाबांच्या जोडीनं काम केलेले. त्यांनी बैल ओट्यावर ठेवला, करवत उचलली आणि परत ठेवून दिली.

"मान सिदी कायले करतेस वो?"

"वाकडी आहे म्हणून."

"वाकडी नाही. मागं पाहून राहिला तो. बस इकडं, शेपटीकडं."

बसले. आधी काही दिसेना. मग खांद्यावरची ताणलेली शीर दिसली, मागे वळवलेला कान दिसला, आणि डोळा. थेट माझ्याकडे बघणारा. हाक ऐकून थांबलेलं जनावर होतं ते. किती देखणं!

"नांगरामागून बैल असाच दिसते," काका म्हणाले. "तुह्या बापानं तो मागं चालणाऱ्यासाठी केला."

मागं बाबाच चालायचे. मी दोरी ओढत ऐटीत पुढे, आणि चाक निखळलं तर बसवायला ते वाकून बैलामागे. दरवर्षी.

"कापू का मंग?" काकांनी विचारलं. मी नाही म्हटलं.

बैल दर वेळी वळून पाहायचा. आज मी बाबांच्या जागेवर बसले होते, आणि पुढे दोरी धरलेली ती सहा वर्षांची पोर काही केल्या मागे बघत नव्हती.