छातीवरचा 'शिकाऊ'

मी एक बिल्ला बोलतोय. पदकबिदक समजू नका हं! चष्म्याच्या दुकानात जो नवा कामाला लागतो, त्याच्या छातीवर महिनाभर मला लावतात. माझ्या अंगावर एकच शब्द आहे, 'शिकाऊ'.

एका रंगाऱ्याने मला पिवळ्या पत्र्यातून कापलं आणि अक्षरं रंगवली. शेवटी जागा कमी पडली, म्हणून 'ऊ' बिचारा कडेला दबून बसलाय. आजवर नऊ जणांनी मला लावलं. काही जण लाजून मला कॉलरखाली लपवत. नववी मात्र मला रोज रुमालाने पुसायची.

ती सतरा वर्षांची. पहिलीच नोकरी. 'मदतनीस हवी' ही दारावरची पाटी तिने काचेला नाक लावून वाचली होती. आमच्या मालकीणबाई आतून म्हणाल्या, "पोरीला कामाची भलतीच ओढ दिसते!" महिनाभर काम बघून मग कायम करायचं ठरलं.

खरं काय ते मलाच ठाऊक होतं. लांबचं काही वाचायचं झालं की ती श्वास रोखायची आणि डोळे बारीक करायची. पण मी पडलो पत्र्याचा, सांगणार कुणाला?

महिना संपायला दोन दिवस होते. एक आजी-आजोबा आपले नवे चष्मे न्यायला आले. दोघांच्या फ्रेमा सारख्याच काळ्या. डब्या वरच्या फळीवर, चिठ्ठ्यांवर आडनाव एकच, एकीवर 'श्री.' आणि दुसरीवर 'सौ.'. तिने खालूनच अंदाजाने वाचलं आणि डब्या काढून दिल्या.

"जरा गरगरतंय गं," आजोबा म्हणाले.

बाईंनी शिकवलेलं वाक्य तिने म्हणून दाखवलं, "नवीन आहे ना आजोबा, दोन दिवस सवय होऊ द्या."

दोन दिवसांनी, नेमकी पगाराच्या दिवशी, दोघं परत हजर!

"दोन दिवस मला हिचं सगळं पटत होतं," आजोबा म्हणाले. "तेव्हाच ओळखलं, नंबर चुकलाय."

"आणि मला हे देखणे दिसत होते!" आजी म्हणाल्या.

चष्म्यांची आपापसांत अदलाबदल करून, हसतहसत ती दोघं गेली. बाई हसल्या नाहीत. "चिठ्ठी वाचली नव्हतीस?"

'शाई पुसट होती' म्हणून तिला सुटता आलं असतं. जिला स्वतःलाच नीट दिसत नाही, अशी मुलगी चष्म्याच्या दुकानात कोण ठेवेल?

"वाचली बाई. पण लांबचं मला दिसतच नाही." तिने मला काढून टेबलावर ठेवलं. "आईला सांगितलं असतं तर म्हणाली असती, बघ अजून मोबाईल! आणि वर चष्म्याचा खर्च."

बाईंनी कपाळावर हात मारला. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा! महिनाभर माझ्याच दुकानात आंधळी कोशिंबीर खेळत होतीस?" मग त्यांनी पगाराचं पाकीट पुढे केलं. "झालेली चूक निस्तरता येते. लपवली असतीस, तर मात्र ठेवलं नसतं. उद्या वेळेवर ये."

"हे सगळे पैसे मी आईला देणार," ती डोळे पुसत म्हणाली.

"दे की. पण आज खर्च करू नकोस. पहिल्या पगाराला एक रात्र घरात झोपू द्यावं. कुठे जायचं ते सकाळी तोच सांगतो."

सकाळी ती आईलाच घेऊन आली. आईने त्यातली एकच नोट घेतली होती. "ही मी जपून ठेवणार. बाकीचे आधी डोळ्यांना, उरतील ते तिच्या नावाने खात्यात. आणि बाई, तेवढं मोबाईलचं तुम्हीच सांगा, माझं ऐकत नाही!"

बाईंनी तिचे डोळे तपासले आणि नफा न घेता, मूळ किमतीत चष्मा दिला. तो घालून ती दारापाशी उभी राहिली. मी पार आतल्या टेबलावर होतो.

"शि-का-ऊ," तिने तिथूनच वाचलं, दबलेल्या 'ऊ'सकट. मग हळूच म्हणाली, "बाई, अजून आठवडाभर लावू का हा? याला बघून लोक हसून सोडून देतात."

"नाही. आता तू शिकलीस."

तेव्हापासून मी खणात आहे, आणि मजेत आहे. दहावा शिकाऊ आला की त्याच्या छातीवर मला तीच लावणार आहे. तुमच्या दाराच्या काचेला नाक लावून कुणी पाटी वाचताना दिसलं, तर त्याला आत बोलवा. आणि काम सांगण्याआधी एवढंच विचारा, "बाळा, नीट दिसतंय ना?"